कोणामुळे कोण

शालिकराम म्हणाला, "तो ऐकत नाही, म्हनून मले ओरडा लागते," आणि सरिताच्या हातातला मार्कर फळ्याला टेकता टेकता थांबला. वाक्यात विशेष काही नव्हतं. एसीच्या गारव्यात टेबलाभोवती बसलेल्या कुणालाही त्यात थांबण्यासारखं काही दिसलं नाही. पण समोर बसलेल्या प्रेस शॉपच्या सुपरवायझरच्या तोंडून ते आलं असं सरिताला वाटलंच नाही. ते कामठीहून आलं होतं, तिच्या मायच्या आवाजात, शब्दाला शब्द. ते ऐकत नाहीत, म्हनून मले ओरडा लागते. भाजीवाल्याला, शेजारणीला, नव्या जावयाला, विहारात भेटलेल्या पाहुण्यांना मायनं बाबांबद्दल आयुष्यभर हेच सांगितलं होतं. सरितानं ते पाढ्यासारखं ऐकलं होतं, आणि पाढा बरोबर आहे का हे कुणी तपासून पाहत नाही.

"मॅडम, काढा नं बाण," शालिकराम म्हणाला. "धर्मेंद्रच्या चिठ्ठीपासून माझ्या चिठ्ठीकडे."

फळ्यावर पिवळ्या चिठ्ठ्या गोलात चिकटवल्या होत्या. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना पत्र्याचे डबे आणि पिंपं बनवायचा, आणि मागच्या आठवड्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टखाली धर्मेंद्र नावाच्या कामगाराचा पाय सापडला होता. गाडी मागे येताना तिचा पीप-पीप इशारा चालू होता. ड्रायव्हरनं हाक मारली होती, पलीकडून शालिकराम ओरडला होता. धर्मेंद्र पाठ करून पत्रे रचत राहिला होता. याआधीही सांगितलेलं न ऐकल्याबद्दल त्याला समज दिली गेली होती. कारखान्याचे प्रमुख लांजेवार साहेब सरळ माणूस. कुणाला कामावरून काढायचं तर आधी खरं कारण शोधायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी तिघांना सोबत बसवलं आणि प्रशिक्षणात शिकलेली एक पद्धत काढली. प्रश्नाच्या आजूबाजूचं जे जे सुचेल ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या गोलात लावायच्या, आणि मग दर दोन चिठ्ठ्यांमध्ये विचारायचं, कोणामुळे कोण? जिच्यामुळे घडतं तिच्यातून बाण निघतो, जे घडतं तिथे टोक येतं. दोन्हीकडून बाण काढायचा नाही. जोर ज्याचा जास्त, बाण त्याचा. शेवटी जिच्यातून सगळ्यात जास्त बाण निघतील ती चिठ्ठी मूळ. सरिता क्वालिटीची इंजिनीअर, तिचं अक्षर चांगलं, म्हणून मार्कर तिच्या हातात. वाट अरुंद, माणसं कमी, सूचनांकडे दुर्लक्ष, आपसात बोलाचाल नाही, सुपरवायझरची ओरड, असं एकेक लिहून झालं होतं, आणि शालिकरामनं सांगून लिहायला लावलेली चिठ्ठी होती, 'धर्मेंद्र सांगितलेलं ऐकत नाही'. तासाभरात त्या चिठ्ठीतून चारी दिशांना बाण सुटले होते. आता फक्त तिच्यात आणि 'सुपरवायझरची ओरड' या चिठ्ठीत रेघ राहिली होती.

"साहेब, उलट असेल तर?" सरिता म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. पण ही रेघ आज मी काढत नाही."

शालिकरामचा चेहरा उतरला. इतकी वर्षं प्रेस शॉप सांभाळणाऱ्या माणसाला, बाईमाणसानं चारचौघांत आपल्यावर बोट ठेवलं असं वाटलं असणार. कार्मिक विभागाची गार्गी हळूच म्हणाली की धर्मेंद्रला कामावरून काढण्याच्या पत्राचा मसुदा तयार आहे, उद्या जायचा आहे. लांजेवार साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारी सकाळी पुन्हा बसू. तोवर पत्र थांबवा. पण सरिता मॅडम, एका रेघेनं मूळ बदलत नाही. बाकीचे बाण मोजा तुम्ही." तिनं मोजले नाहीत. त्या एका रेघेच्या रिकाम्या जागेकडे ती पाहत उभी राहिली.

कंपनीची बस काटोल रोडनं शहराकडे निघाली तेव्हा उन्हाची तिरीप खिडकीतून थेट डोळ्यांवर येत होती, पडदा ओढायचं तिच्या लक्षात आलं नाही. बाबा घुमे आहेत, हे घरात सूर्य पूर्वेला उगवतो तसं ठरलेलं होतं. नत्थू घुम्या, असं गल्लीत म्हणायचे. कामठीच्या यंत्रमागाच्या, लूमच्या शेडमध्ये सकाळी जाणार, संध्याकाळी केसांत कापसाचे तंतू घेऊन येणार, जेवणार, दाराशी पाठ करून बसणार. काही विचारलं तर एकदा उत्तर, दुसऱ्यांदा नुसतीच मान, तिसऱ्यांदा तेही नाही. विहारात वंदना म्हणताना सगळे थांबले तरी बाबांचा आवाज एक ओळ पुढे जायचा, एकटाच, भरड, आणि पोरं खुदखुदायची. माय पदर तोंडावर ओढून घ्यायची. दीक्षाभूमीवर छपन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शिकण्याचं वेड. सरिता दहावी पहिल्या वर्गात पास झाली त्या दिवशी शाळेतून पळत आली होती, दारातून म्हणाली होती, बाबा, मी पास झाली. बाबा पाठमोरे बसून सायकलचं चाक फिरवत होते. ते चाक तिला आजही दिसायचं, आऱ्या एकमेकींत मिसळून चंदेरी झालेलं, आणि ते फिरतच राहिलं. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी संत्रा बर्फी आणली, तेव्हा ती मायनं भांडून आणायला लावली असं तिनं धरलं आणि खाल्ली नाही. मग कॉलेजचा फॉर्म, नोकरी, रोशनशी लग्न, काहीच तिनं बाबांना आधी सांगितलं नाही. मायला सांगायचं, माय ओरडून त्यांना सांगणार. एका न वळलेल्या पाठीतून किती बाण निघाले होते, आणि आपण त्यांच्यावरून किती निवांत चालत इथवर आलो, असं तिला वाटलं. तिला आता एकच गोष्ट हवी होती. ती रेघ कुणीकडून काढायची ते कळायला हवं होतं, फळ्यावरचीही आणि माय-बाबांमधलीही. इंदोरा चौकात उतरून ती घराकडे वळली नाही. रोशनला फोन करून सांगितलं की मायकडे जाऊन येते, आणि कामठीच्या ऑटोत तिसरी म्हणून अंग चोरून बसली.

घरात कूलर चालू होता. त्याच्या घरघरीत माय कौसल्या भाजी निवडत होती आणि बाबा खाटेवर दाराकडे पाठ करून बसले होते. सरिता उंबऱ्यात थांबली. नेहमीसारखी आत गेली नाही. तिनं नेहमीच्याच आवाजात हाक मारली, "बाबा." पाठ हलली नाही. गळ्याभोवतीची कातडी सैल झाली होती, मानेवरचे केस पांढरे झाले होते. ती खाटेला वळसा घालून त्यांच्या समोर गेली, खाली बसली आणि त्याच आवाजात पुन्हा म्हणाली, "बाबा." बाबांचे डोळे तिच्या ओठांवर आले, मग डोळ्यांवर, आणि चेहरा उजळला. "कवा आली?" ते म्हणाले. इतकं सोपं होतं. तिनं मायला कूलर बंद करायला सांगितला. मायनं कुरकुर केली, पण केला.

"बाबा, तुमाले ऐकू येत नाही काय?"

"येते नं," बाबा म्हणाले. मग तिच्या ओठांकडे पाहत राहिले, जणू तिथे अजून काही लिहिलेलं आहे. "जाडं येते. बारीक नाही येत. लूमवर होतो तवापासून कमी कमी होत गेलं. समद्यायचंच होये. तिथं कोनी बोलेच नाही, नुसते ओठ हालवे, पाहून समजे."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तुही माय बोले तवा तोंड तिकडं करून बोले. मले वाटे, रागात हाय, नाही बोलाचं तिले माह्यासंग."

भाजीची देठं मोडायचा आवाज थांबला. "मी तोंड काहून फिरवत होती मंग?" माय म्हणाली, पण यावेळी ती ओरडली नव्हती. "हे ऐकत नव्हते म्हनून. सरिता, तुले सांगतो, नवी होती तवा माह्या हातात काचेचा चुडा होता. गल्लीच्या तोंडाशी चुडा वाजला का हे इकडून दार उघडे. मंग दोन-तीन सालात काय झालं काय मालूम. दारात उभी राहून चुडा वाजवला तरी पाठ करून बसून राहिले. मले वाटलं..." तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. जुनं, वाळलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं आणि सरितानं पहिल्यांदाच आपल्या मायला सोडून दिलेल्या बाईसारखं पाहिलं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याच घरात, त्याच माणसाच्या बाजूला बसून सोडून दिलेली.

नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून बायको ओरडते, ओरडते म्हणून रागानं तोंड फिरवते, तोंड फिरवलं की ओठ दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत म्हणून त्याला काहीच ऐकू येत नाही. गोल गोल. लांजेवार साहेबांच्या पद्धतीत दोन्हीकडून बाण चालत नाही, जोर कुणाचा ते ठरवा म्हणतात. सरितानं ठरवायचा प्रयत्न केला. या दोघांपैकी कुणाचाच जोर नव्हता. दोघंही मिळून जिचा मार खात होते ती गोष्ट या घरात कधी आलीच नव्हती. ती नदीकडच्या शेडमध्ये दिवसभर खटाखट चालायची आणि संध्याकाळी बाबा तिला मागे ठेवून यायचे असं सगळ्यांना वाटायचं. लूमच्या त्या आवाजाची चिठ्ठी कुणी लिहिलीच नव्हती. लिहिली नाही तर बाण कुठून निघणार? मग ते माणसांतून निघतात. मायच्या जिभेतून, बाबांच्या पाठीतून. आणि तिच्या स्वतःच्या गप्प बसण्यातून. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट डोकं स्वच्छ झालं, ताप उतरल्यावर होतं तसं, आणि शुक्रवारपर्यंत काय काय करायचं ते एकापुढे एक उभं राहिलं. निघताना तिनं बाबांना म्हटलं की कानात घालायचं यंत्र मिळतं, आपण जाऊ. बाबांनी हात झटकला, "आता काय करतो ते." पण मायनं भाजीचं ताट उचललं, पाय आखडले होते म्हणून भिंतीला धरून उठली, आणि खाटेच्या पलीकडून इकडे येऊन बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसली. "वांगे करू का आलू?" तिनं विचारलं. बाबा तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. "वांगे," ते म्हणाले.

गुरुवारी सरितानं सुट्टी टाकली आणि सकाळीच हॉस्पिटलात गेली. धर्मेंद्र खिडकीजवळच्या खाटेवर होता, पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी, दोन बोटं काढावी लागली होती. त्याची बायको कामिनी स्टुलावर बसून डब्याचं झाकण लावत होती. सरिता कारखान्यातून आली आहे हे कळताच दोघांचेही चेहरे बंद झाले. तिनं तब्येत विचारली, मग सरळ विचारलं. धर्मेंद्रनं तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "ऐकू येते मले, मॅडम. मस्त येते." तेवढ्यात नर्स त्याच्या मागून म्हणाली, "भाऊ, जरा सरका," आणि तो सरकला नाही. कामिनीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग सरिताकडे. नर्सनं पुन्हा सांगितलं, खांद्याला हात लावून, तेव्हा तो सरकला आणि त्याच्या कपाळावर शीर उठली.

"काहून आल्या तुम्ही?" तो म्हणाला. "तपासनी केली अन बहिरा निघालो, त मशीनवर ठेवतीन काय मले? निष्काळजी म्हनून काढा का बहिरा म्हनून काढा, मले काय फरक पडते?"

हा प्रश्न तिनं रात्रभर स्वतःला विचारला होता. ठेवतील, असं म्हणायला जीभ वळवळली. ते खोटं झालं असतं. बाबांनीही कधीतरी शेडमध्ये उभं राहून हाच हिशेब केला असेल, बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा घुम्या म्हणवून घेणं बरं, आणि तो हिशेब त्यांच्या बाजूनं चुकीचा नव्हता. "मी शब्द देऊ शकत नाही, धर्मेंद्रभाऊ," ती म्हणाली, त्याच्या समोर तोंड करून, सावकाश. "ठेवतील की नाही, माझ्या हातात नाही. मी भांडेन, एवढं हातात आहे. पण भांडायला काहीतरी खरं लागतं. आत्ता फळ्यावर लिहिलं आहे की अपघात तुमच्या स्वभावामुळे झाला. ते तसंच राहिलं तर तुमच्या जागी उद्या जो उभा राहील त्याचेही कान जातील, आणि त्यालाही म्हणतील, ऐकत नाही."

धर्मेंद्र खिडकीकडे पाहू लागला. तेव्हा कामिनी बोलली. तिनं आधी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, लहान पोराचं वळवावं तसं. "तुमाले फरक नसन पडत. मले पडते. चार साल झाले, मी तुमच्यावर ओरडून राहिली. कुकरची शिटी होते, तुम्ही बाजूले बसून राहता. मी म्हनतो, मानूस घरातलं काहीच पाहत नाही. पोरीले म्हनली, तुह्या बापाले आपली फिकीर नाही." तिनं त्याची हनुवटी सोडली नाही. "मले मालूम पाहिजे. मी कोनासंग भांडून राहिली ते."

कानाचा विभाग त्याच इमारतीत खाली होता. वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणली, कामिनीनं पाय धरला, आणि दुपारपर्यंत तपासणी झाली. डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. जाड आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक आवाज जवळजवळ गेले आहेत, दोन्ही कानांचे, सारखेच. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचं असं होतं. फोर्कलिफ्टची पीप-पीप? "ती यांच्यासाठी वाजतच नाही," त्या म्हणाल्या. धर्मेंद्र त्यांच्या ओठांकडे पाहत होता. त्याला समजलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती, पण आधी आली ती सुटका, आणि ती पाहून सरितानं नजर वळवली.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी बैठकीच्या खोलीत गेली. मार्कर घेऊन वाट पाहायची, मग परवानगी मागायची, असं तिच्या मनात होतं. ते तिनं सोडून दिलं. नवी चिठ्ठी घेतली, 'प्रेसचा आवाज' असं लिहिलं आणि गोलात जागा करून चिकटवली. 'धर्मेंद्र सांगितलेलं ऐकत नाही' ही चिठ्ठी काढून तिथे लावली, 'ऐकू येत नाही'. जुने बाण पुसले. मग एकेक रेघ सावकाश काढत गेली. आवाजामुळे ऐकू येत नाही. आवाजामुळे ओरड. आवाजामुळे आपसात बोलाचाल नाही, कारण ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं डब्याच्या सुट्टीतही गप्प बसतात. ऐकू येत नाही म्हणून सूचनांकडे दुर्लक्ष दिसतं. लांजेवार साहेब, गार्गी आणि शालिकराम येऊन बसले तेव्हा फळा वेगळाच झाला होता. तिनं हॉस्पिटलात काय निघालं ते सांगितलं.

"एका माणसाच्या कानावरून?" लांजेवार साहेब म्हणाले.

"एकाच्या कानावरून ठरवूच नका. म्हणूनच मी म्हणते आहे, प्रेस शॉपमधल्या सगळ्यांची तपासणी करा. माझं चुकलं असेल तर ही चिठ्ठी मी स्वतः काढून टाकेन."

"आणि चुकलं नसेल तर? मॅडम, ही गोष्ट वर कळवायची म्हणजे काय, कल्पना आहे तुम्हाला? आवाज कोंडायला मशीन झाकायला लागतील, उत्पादन थांबवावं लागेल. मालक मला विचारतील, इतकी वर्षं तू काय करत होतास."

"विचारतील," सरिता म्हणाली. फळ्याला पाठ टेकून ती उभी राहिली. "पण धर्मेंद्रला काढून हा आवाज कमी होणार नाही. त्याच्या जागी नवा माणूस येईल, आणि आपण पुन्हा इथे बसू."

गार्गी लॅपटॉपमध्ये पाहत हळू आवाजात म्हणाली, "शालिकरामभाऊ, तुमचं काय म्हणणं आहे?" शालिकराम बोलला नाही. त्याचे डोळे सरिताच्या तोंडावर होते, आणि ते राग धरलेल्या माणसाचे डोळे नव्हते. ते बाबांचे डोळे होते. सरिताला एकेक आठवत गेलं. तो नेहमी टेबलाच्या टोकाला का बसतो, जिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. तो फोनवर का कधी बोलत नाही, नेहमी 'इकडं या' म्हणतो. तो एवढ्या मोठ्यानं का ओरडतो, अगदी शांत खोलीतसुद्धा. ती आता एक शब्द बोलली असती तर तिची चिठ्ठी खरी ठरली असती, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर. शब्द ओठांपर्यंत आला होता. तिनं तो गिळला. वर्षानुवर्षं ज्याच्या हाताखाली माणसं वावरली त्याला असं उघडं करून मिळालेलं खरं तिला नको होतं. ती फक्त त्याच्याकडे वळली आणि गार्गीचा प्रश्न त्याच्यासमोर तोंड करून पुन्हा म्हणाली. "तुमचं काय म्हणणं आहे, शालिकरामभाऊ?"

शालिकरामनं तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं आहे हे त्याला कळलं. त्यानं टेबलावर ठेवलेले आपले जाड, डागलेले हात पाहिले.

"तपासनी करायचीच असन, साहेब," तो म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज खाली होता, "त पहिलं नाव माहं लिहा. घरी नात बोलते माह्यासंग, मले समजत नाही. मी हो हो म्हनतो." मग सरिताकडे न पाहता म्हणाला, "अन धर्मेंद्रले मी लई बोललो."

लांजेवार साहेब उठून खिडकीशी गेले. खिडकी बंद होती तरी प्रेसचे ठोके काचेतून जाणवत होते, पायाखालच्या फरशीतही. तिथूनच त्यांनी गार्गीला सांगितलं की पत्र फाडून टाका. बाकीचं ते वर बोलून पाहतील, त्यांना वेळ द्यावा. "किती वेळ?" सरितानं विचारलं. साहेबांनी वळून पाहिलं आणि तिला वाटलं ते चिडतील. "तुम्ही रोज विचारत राहा," ते म्हणाले. "नाहीतर माझ्याच्यानं राहून जाईल."

ती रोज विचारत राहिली. सगळं झालं नाही. झाकणं फक्त दोन मोठ्या प्रेसना बसली, बाकीच्यांचं पुढच्या वर्षी पाहू असं वरून आलं, आणि सरितानं पुन्हा लिहून पाठवलं. फोर्कलिफ्टवर फिरता लाल दिवा लागला. धर्मेंद्र काठी टेकत परत आला, त्याला पॅकिंगला ठेवलं. ते काम त्याला आवडलं नाही, त्यानं ते सांगूनही दाखवलं. उन्हाळा सरत आला तेव्हा तपासणीची गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहिली आणि प्रेस शॉपची माणसं तिच्या सावलीत बाकांवर बसली. शालिकराम पहिला आत गेला. गाडीच्या काचेतून तो सरिताला दिसत होता, कानांवर जाड गोळे, आवाज ऐकू आला की बोट वर करायचं असं सांगितलेलं. तपासणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून तो बोट वर करत होता. तिच्या ते लक्षात आलं. तिनं हसून त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग त्याचं बोट मांडीवरच राहिलं, बराच वेळ, आणि शेवटी तो खाली उतरला तेव्हा घाम पुसत सरिताजवळ येऊन बसला. तिनं पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

आतून पुढचं नाव पुकारलं गेलं, धोंडबा. बाकावरचे सगळे बसून राहिले. पुन्हा पुकारलं गेलं, तेव्हा सरितानं शालिकरामकडे तोंड करून ते नाव सांगितलं. कोपऱ्यावरचा म्हातारा कामगार चपलेनं मातीत रेघ ओढत होता, मान खाली घालून. शालिकरामनं सवयीनं छाती भरून श्वास घेतला, ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तो उठला. उन्हातून चालत धोंडबाच्या समोर गेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला, त्यानं मान वर करेपर्यंत थांबला, आणि मग साध्या आवाजात म्हणाला, "चला, धोंडबा. तुमचा नंबर आला."